पाकिटावर साखर मोजाल, तर तिच्या जागी आलेलंही मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण (एफएसएसएआय),
नवी दिल्ली

विषय : कृत्रिम गोडवा, निरोगी माणसांची रक्तशर्करा आणि पाकिटावरची माहिती

महोदय / महोदया,

पाकिटबंद पदार्थांवर साखर, मीठ आणि संतृप्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला तुम्ही जुलै २०२४ मध्ये मान्यता दिलीत. त्याआधी २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानेही तुम्हाला घाई करायला सांगितलं. तारे द्यायचे की इशारे छापायचे, यावर डॉक्टरांनी, ग्राहक संघटनांनी आणि कंपन्यांनी भरपूर शाई खर्च केली आहे. मी त्यात भर घालणार नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. साखरेचा आकडा दर्शनी बाजूला आला की कंपन्या साखर कमी करतील, आणि तेच आपल्याला हवं आहे. पण ग्राहकाच्या जिभेला लागलेली गोडी त्या कमी करणार नाहीत. ती कुठून आणतील?

उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सुक्रालोज, ॲसिसल्फेम-के, ॲस्पार्टेम, सॅकरीन, स्टीव्हिया. यांतलं काहीच साखर नाही, त्यामुळे साखरेच्या रकान्यात यांतलं काहीच दिसणार नाही.

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे मधुमेही येतात तसे मधुमेह नसलेलेही येतात, आणि हे पत्र त्या दुसऱ्या लोकांसाठी आहे. वजन थोडं वाढलेलं, रिपोर्ट ‘नॉर्मल’, घरात आईला किंवा वडिलांना शुगर, म्हणून आधीच सावध झालेली ही माणसं. तिशीतली, चाळिशीतली. चहात गोळी, दुपारी डाएट कोल्ड्रिंक, जिममधून आल्यावर प्रोटीन पावडर, रात्री ‘नो ॲडेड शुगर’ आइस्क्रीम. साखर बंद केल्याचं ती अभिमानाने सांगतात. दिवसभरात चार वेगवेगळ्या डब्यांतून चार प्रकारचा गोडवा पोटात गेला, हे त्यांच्या गावीही नसतं. ही मंडळी औषध म्हणून गोळी घेत नाहीत. आपण निरोगी आहोत आणि निरोगीच राहू, या भरवशावर घेतात. त्या भरवशाला आधार किती, एवढंच मला तपासायचं आहे.

मधुमेही वाचकांनी हे वाचून आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलं काही बदलू नये. त्यांचा हिशेब निराळा आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने १७९ मधुमेहींना बारा आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज देऊन पाहिलं. त्यांच्या एचबीएवनसीवर (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेच्या मापावर) वाईट परिणाम झाला नाही, वजन आणि कंबर जराशी उतरली. तो निष्कर्ष मी मानते. पण तो ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्याबद्दलचा आहे, आणि जाहिरातींतून तो सगळ्यांच्या गळ्यात बांधला जातो.

आता निरोगी माणसांकडे वळू. वर्षानुवर्षं आपल्याला शिकवलं गेलं, आणि मीही विद्यार्थी असताना तेच लिहून मार्क मिळवले, की या पदार्थांना उष्मांक नाहीत, ते पचत नाहीत, म्हणून रक्तातल्या साखरेवर त्यांचा परिणाम शून्य. नुसतं सुक्रालोज घेतलं आणि तासाभराने शुगर तपासली, तर खरंच आकडा हलत नाही. प्रश्न त्या तासाचा नाहीच. रोज घेत राहिल्यावर, पुढे भात खाल्ला तर शरीर तो कसा हाताळतं, हा आहे.

हा प्रश्न जगभर गाजला तो २०१४ मध्ये. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाने उंदरांना सॅकरीन, सुक्रालोज आणि ॲस्पार्टेम पाजलं. उंदरांची ग्लुकोज पेलण्याची क्षमता ढासळली. प्रतिजैविकं देऊन आतड्यांतले जिवाणू मारले, तर बिघाड नाहीसा झाला. सॅकरीन घेतलेल्या उंदरांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले, तर सॅकरीनचा कणही न खाता त्यांच्यातही तोच बिघाड उतरला. त्याच शोधनिबंधात सात निरोगी माणसांना पाच दिवस कमाल मान्य मात्रेत सॅकरीन दिलं होतं. सातांपैकी चौघांचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बिघडला, तिघांना काही झालं नाही. सात माणसं म्हणजे काहीच नाही, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्त होती.

मग त्याच गटाने २०२२ मध्ये मोठी चाचणी केली. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या नियमांना लागणारं बरंच काही तिच्यात आहे. कृत्रिम गोडवा अजिबात न घेणारी निरोगी माणसं शोधण्यासाठी त्यांना तेराशेहून अधिक लोकांना चाळावं लागलं. गोडवा न खाणारा माणूस सापडणंच किती कठीण झालंय, याचा तो एक पुरावाच. शेवटी १२० जण निवडले आणि त्यांचे सहा गट पाडले. चार गटांना बाजारात मिळतात तशा पुड्यांमधून अनुक्रमे सॅकरीन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया. पाचव्या गटाला त्या पुड्यांत भरायला वापरतात तेवढंच ग्लुकोज. सहाव्याला काहीच नाही. कालावधी दोन आठवडे आणि मात्रा मान्य दैनिक मर्यादेच्या खाली. सगळ्यांच्या दंडावर सतत साखर मोजणारं यंत्र लावलेलं, आणि घरच्या घरी ठरलेल्या दिवशी ग्लुकोजचं पाणी पिऊन चाचणी.

सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांमध्ये ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर पूर्वीपेक्षा जास्त चढू लागली. ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. आतड्यांतल्या आणि तोंडातल्या जिवाणूंची घडण मात्र चारही गटांमध्ये बदलली. प्रत्येक गटातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी परिणाम झालेले लोक निवडून त्यांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा ते उंदीर बहुतांशी आपापल्या दात्याच्याच वाटेने गेले. ज्याची साखर बिघडली त्याच्या उंदराची बिघडली.

यातली सगळ्यात अडचणीची बाब अशी की परिणाम माणसागणिक वेगळा होता. एकाच गटात, एकाच पुडीवर एखाद्याची साखर चांगलीच चढली, तर शेजारच्याची तशीच राहिली. विरजणाचं आपल्याला हे ठाऊकच आहे. दूध एकाच म्हशीचं असलं, तरी कुणाच्या घरी कवडीदार दही लागतं, कुणाच्या घरी तारेचं. आतड्यातलं विरजण ज्याचं त्याचं. म्हणून ‘मी दहा वर्षं घेतोय, मला काही झालं नाही’ हे वाक्य खरं असूनही दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. गटाची सरासरी काढून ‘काही फरक नाही’ म्हणणंही तितकंच तोकडं.

उलट बाजूही सांगायलाच हवी. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सडपातळ, निरोगी प्रौढांना दोन आठवडे कमाल मात्रेत शुद्ध सॅकरीन दिलं. ना जिवाणू बदलले, ना ग्लुकोजचा प्रतिसाद. कॅनडातल्या एका छोट्या चाचणीत सुक्रालोज आणि ॲस्पार्टेम घेऊनही फरक आढळला नाही. याउलट मेक्सिकोत ६६ निरोगी लोकांवर केलेल्या चाचणीत चौदा दिवस सुक्रालोज घेतलेल्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता घटली, आणि तीही मान्य मर्यादेच्या जेमतेम १५ टक्के मात्रेत. म्हणजे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. चाचण्या लहान आहेत, मुदत आठवड्यांची आहे आणि माणसं वेगवेगळी आहेत. ‘गोडव्याने मधुमेह होतो’ असं मी लिहिणार नाही, कारण ते सिद्ध झालेलं नाही. ‘निरोगी माणसाच्या साखरेवर परिणाम होत नाही’ हेही सिद्ध झालेलं नाही. पाकिटांवरची भाषा मात्र दुसरं वाक्य गृहीत धरून चालते.

निकालांमध्ये एवढी तफावत का, याची एक उकल मला पटते, आणि तिचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. येल विद्यापीठात डेना स्मॉल यांच्या गटाने २०२० मध्ये ४५ निरोगी प्रौढांवर काम केलं. काहींना नुसत्या सुक्रालोजचं पेय दिलं, काहींना साखरेचं, आणि काहींना सुक्रालोज अधिक माल्टोडेक्स्ट्रिनचं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिठूळ, जवळजवळ बेचव कर्बोदक. दोन आठवड्यांत प्रत्येकाने फक्त सात पेयं घेतली. नुसतं सुक्रालोज घेणाऱ्यांना काही झालं नाही. साखर घेणाऱ्यांनाही नाही. सुक्रालोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकत्र घेणाऱ्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता मात्र खालावली, आणि गोड चवीला मेंदूचा मिळणारा प्रतिसादही मंदावला. नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन देऊन पाहिलं, त्यानेही हे घडलं नाही. किशोरवयीन मुलांवरचा भाग इन्सुलिनचे आकडे पाहून अर्ध्यावर थांबवावा लागला.

आपल्या आतड्यांच्या भिंतीत जिभेवरच्यासारखेच गोडी ओळखणारे संवेदक (रिसेप्टर) असतात. ते जागे झाले की ग्लुकोज शोषून घेणारी यंत्रणा आणि जीएलपी-१ सारखी संप्रेरकं कामाला लागतात. गोडवा आणि पिष्ट एकाच वेळी पोटात आलं की या यंत्रणेला चुकीचा हिशेब मिळतो, असा तर्क आहे. तर्कच आहे, अजून पक्का नाही. पण आपल्या ताटाकडे पाहा. आपल्याकडे गोडवा एकटा पोटात जातो कधी? गोळी घातलेल्या चहाबरोबर खारी किंवा मारी बिस्कीट. डाएट कोल्ड्रिंकबरोबर वडापाव. ‘शुगर फ्री’ काजूकतलीत काजू, ‘शुगर फ्री’ मोदकात तांदळाची पिठी, डायजेस्टिव्ह बिस्किटात मैदा. येलच्या प्रयोगशाळेने मुद्दाम जुळवून आणलेला मेळ आपल्या रोजच्या चार वाजताच्या चहात आपोआप जुळतो.

आणि तो कधीकधी पुडीतच जुळवून दिलेला असतो. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड. एका चमचा साखरेची गोडी आणायला लागणारे मिलिग्रॅम चिमटीतही येणार नाहीत, म्हणून पुडीत भरताड घालावं लागतं. ते बहुतेक वेळा डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज असतं. पुडी ग्रॅमभराची आणि त्यात गोडवा नावापुरता. तुमच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तर ती वस्तू साखरमुक्त म्हणवून घेऊ शकते. माल्टोडेक्स्ट्रिन त्या हिशेबात साखर म्हणून धरलं जात नाही, रक्तात मात्र ते जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने उतरतं. एका पुडीने कुणाचं काही बिघडेल असं नाही. पण प्रोटीन पावडरीच्या किंवा ‘डायबेटिक फ्रेंडली’ मिश्रणाच्या मोठ्या डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन आणि सुक्रालोज शेजारी-शेजारी बसलेली मी रोज वाचते, आणि तिथे मात्रा चमच्याची नसून वाटीची असते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा असंसर्गजन्य आजार टाळण्यासाठी साखरेऐवजी हे गोडवे वापरू नका, अशी शिफारस त्यांत आहे. आधीपासून मधुमेह असलेले लोक तिच्यातून वगळले आहेत, आणि स्टीव्हियासारखे नैसर्गिक म्हणवले जाणारे गोडवे तिच्यात धरले आहेत. संघटनेने शिफारस सशर्त ठेवली, त्यालाही कारण आहे. ज्यांची साखर किंवा वजन आधीच वाढू लागलंय तेच लोक गोडव्याकडे वळतात, त्यामुळे कोणी कोणाला कारण झालं हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. फ्रान्समधल्या न्यूट्रीनेट-सान्ते अभ्यासात लाखभर लोकांमध्ये गोडवा जास्त घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण अधिक आढळलं, पण त्यालाही हाच गुंता चिकटलेला आहे.

दुर्दैव असं की त्याच वर्षी जुलैमध्ये ॲस्पार्टेम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘कदाचित कर्करोगकारक असू शकेल’ अशा २ब वर्गात गेलं आणि सगळ्या वाहिन्या तिकडे धावल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या तज्ज्ञ समितीने ॲस्पार्टेमची रोजची मान्य मर्यादा होती तीच, किलोमागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. आठ दिवस आरडाओरड झाली, मग सगळं शांत. साखरेचा मूळ प्रश्न त्या गोंगाटात कुणी विचारलाच नाही. गमतीचा भाग म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तशर्करेच्या बाबतीत ॲस्पार्टेमविरुद्धचा पुरावा त्यातल्या त्यात दुबळा आहे. ते आतड्याच्या वरच्या भागातच फुटून पचतं, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचत नाही. सुक्रालोज मात्र बहुतांश तसंच्या तसं खाली उतरतं. लोक ॲस्पार्टेमला घाबरून सुक्रालोजकडे वळले, ही माझ्या क्लिनिकमधली नित्याची गोष्ट आहे.

सुक्रालोजचा उगम १९७६ मधला, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातला, आणि तो ज्यांच्या हातून घडला त्या संशोधकाचं नाव शशिकांत फडणीस. सॅकरीन तर १८७९ पासूनचं. बर्फाच्या गोळ्यापासून मिठ्या सुपारीपर्यंत ते आपल्या तोंडी कधीच बसलेलं आहे. नवीन आहे तो या गोडव्यांचा पसारा. पूर्वी ही गोळी मधुमेही आजोबांच्या डबीत असायची. आज ती नातवाच्या फ्लेवर्ड दह्यात, सॉसमध्ये, व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळीत आणि खोकल्याच्या औषधात आहे.

आता ‘निरोगी’ म्हणजे कोण, याबद्दल. वर सांगितलेल्या चाचण्या इस्रायल, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या आहेत. आपल्याकडच्या निरोगी माणसाचं शरीर त्यांच्यासारखं नसतं, हे जगाला सांगितलं ते पुण्यानेच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याआधी त्यांच्याच गटाने दाखवलं होतं की पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं, आपलं बाळ हाडामांसाने लहान, पण चरबी बऱ्यापैकी राखून. वरून सडपातळ, आतून चरबी धरलेली, इन्सुलिनला काहीशी बधिर झालेली अशी ही प्रकृती आपल्याकडे सर्रास आढळते. आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्या १३ कोटींपैकी बहुतेकांच्या हातात ‘पूर्वमधुमेह’ असा कागद कधी पडलेलाच नाही. ते स्वतःला निरोगीच समजतात, आणि डाएट कोल्ड्रिंकचा कॅन उचलतात तेही निरोगी म्हणूनच.

इन्सुलिनची राखीव ताकद जिथे आधीच कमी, तिथे तोच धक्का जास्त बसेल की कमी, याचं उत्तर वाइझमनच्या किंवा येलच्या आकड्यांतून निघणार नाही. ते इथेच शोधायला हवं. प्रयोग अवघड नाही. सतत साखर मोजणारी यंत्रं आता स्वस्त होत चालली आहेत. पुणे, चेन्नई, हैदराबाद इथे दशकानुदशकं लोकांचा माग ठेवणारी केंद्रं आहेत. मधुमेह नसलेली माणसं घ्या, खरोखर विकली जाणारी पुडी घ्या, आपला चहा आणि आपलं बिस्कीट घ्या, आणि आठवडे नाही, निदान सहा महिने पाहा. निधी उद्योगांकडून घेऊ नका. आयसीएमआरच्या बरोबरीने तुम्ही हे काम हाती घेतलंत, तर त्याचा उपयोग बांगलादेशापासून दक्षिण आशियाई वस्ती असलेल्या लंडनच्या साउथॉलपर्यंत होईल.

प्रयोगाचे निकाल यायला वर्षं लागतील. पाकीट मात्र आजही छापलं जातंय, आणि त्यावर काय छापायचं हे तुमच्या हातात आहे.

चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी आणि उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी इशारे लावले. साखर कमी झाली, पण तिच्या जागी गोडवे आले, आणि लहान मुलांच्या खाण्यात त्यांचं प्रमाण वाढलं. इशाऱ्यापासून सुटायची तीच सोपी वाट होती. मेक्सिकोने २०२० मध्ये आपले इशारे आणले, तेव्हा चिलीचा धडा घेतलेला होता. तिथे पदार्थात गोडवा असला की दर्शनी बाजूलाच वेगळी काळी पट्टी येते : ‘गोडवा आहे, मुलांसाठी शिफारस नाही’. साखर काढून गोडवा घातला तर अष्टकोन जातो आणि पट्टी येते. पळवाटच बंद.

आपला मसुदा सध्या चिलीच्या वाटेवर आहे. साखरेचा आकडा शून्य, तारे भरपूर, आणि मागच्या बाजूला, घडीच्या आत, ‘स्वीटनर (आयएनएस ९५५)’. आयएनएस ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९५० ॲसिसल्फेम-के, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९६० स्टीव्हिया. मला हे आकडे पाठ आहेत, कारण माझा धंदाच तो. बारामतीच्या बाजारात मुलाला घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते पाठ असावेत, अशी अपेक्षा ठेवून नियम करता येत नाहीत. गोडव्याचं पूर्ण नाव दर्शनी बाजूला, साखरेच्या आकड्याच्या शेजारी आणि त्याच आकाराच्या अक्षरांत यायला हवं.

नावापेक्षाही मला मोठी वाटते ती मात्रा. रोजची मान्य मर्यादा किलोमागे मिलिग्रॅमांत ठरवली जाते. सुक्रालोजसाठी आंतरराष्ट्रीय समितीने ती १५ मिलिग्रॅम ठरवली, अमेरिकेच्या एफडीएने ५. म्हणजे पंधरा किलोच्या मुलासाठी एका हिशेबाने दिवसाला २२५ मिलिग्रॅम आणि दुसऱ्या हिशेबाने ७५. आईने ती पाळायची तर बाटलीत किती मिलिग्रॅम आहेत हे तिला कळायला नको का? मी दुकानात हातात घेते त्यांतल्या बहुतेक पाकिटांवर ‘गोडवा आहे’ एवढंच असतं, किती हे नसतं. मीठ मिलिग्रॅमांत छापता येतं, तर गोडवाही छापता येईल. ही माहिती कंपनीकडे असतेच. तिच्याशिवाय तुमच्याच परवानगीच्या मर्यादा तिने पाळल्या कशा असत्या?

डाएट पेयांच्या अनेक कॅनवर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ अशी ओळ आजही असते, पण ती शोधायला चष्मा लागतो. ती पुढे आणा, आणि कार्टूनच्या चित्रांनी सजवलेल्या दही, ज्यूस, जेलीवरही आणा. पुडीतलं आणि डब्यातलं भरताड नाव आणि ग्रॅमसकट लिहायला लावा, आणि माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असलेल्या मिश्रणावर ‘डायबेटिक फ्रेंडली’, ‘गिल्ट फ्री’ असली बिरुदं चालणार नाहीत हे नियमातच सांगा. मिठाईच्या दुकानांना १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ हे लिहायला लावलंत. त्याच पाटीवर ‘शुगर फ्री’ मिठाईत कोणता गोडवा आहे, हेही मावेल. दिवाळीत या ट्रेपुढे लागणाऱ्या रांगेत मधुमेह नसलेलेच जास्त असतात.

कंपन्यांचे प्रतिनिधी तुमच्यासमोर काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे. साखर याहून वाईट आहे, असं म्हणतील. रोज दोन बाटल्या साखरेचं कोल्ड्रिंक पिणाऱ्याच्या बाबतीत ते खरंही आहे. त्याने डाएटवर जावं, मी स्वतःच तसं सांगते. पण साखर कमी खाणारा, वजन ठीक असलेला माणूस ‘निरोगी राहायचं’ म्हणून रोज गोडवा घेऊ लागतो, तेव्हा तुलना साखरेशी राहत नाही, पाण्याशी होते. ताकाशी, बिनसाखरेच्या चहाशी होते. या तुलनेत गोडव्याची बाजू लंगडी पडते. म्हणून मी बंदी मागत नाही. सुरक्षित-असुरक्षित असा शेराही मागत नाही. नाव, मिलिग्रॅम आणि मुलांसाठीची ओळ, एवढंच दर्शनी बाजूला मागते.

तुम्हाला हे जमत नाही, असं मुळीच नाही. एप्रिल २०२४ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकली जाणारी पेयं ऑनलाइन दुकानांच्या त्या कप्प्यातून काढायला लावलीत. जूनमध्ये ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावलात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये गोड पेयांच्या नावातलं ‘ओआरएस’ बंद केलंत. गोडव्याच्या बाबतीत कुणा एकटीला तितकी वर्षं झगडावं लागू नये, अशी अपेक्षा आहे. दर्शनी लेबलाचा मसुदा अजून तुमच्या टेबलावर आहे, त्यामुळे रकाना वाढवायला आज काहीच खर्च नाही. अंमलबजावणी सुरू होऊन लाखो पाकिटं छापली गेली की प्रत्येक रकान्यासाठी कंपन्या दोन वर्षांची मुदत मागतील.

एक शेवटची विनंती मसुद्याच्या प्रक्रियेबद्दल. तो हरकतींसाठी खुला कराल, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही संकेतस्थळावर ठेवा, आणि गोडव्यांबाबत तुमच्या वैज्ञानिक समितीने कोणते अभ्यास वाचले आणि कोणते बाजूला ठेवले, त्यांची यादी सोबत जोडा. राज्यातल्या आहारतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांनी हरकती पाठवाव्यात यासाठी मी माझ्याकडून लिहायला सुरुवात केली आहे. या पत्राची एक प्रत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही पाठवत आहे.

आपली,
पुण्यातील एक आहारतज्ज्ञ